ही नको म्हणते

फोनवर बोलायच्या आधी माणूस केस विंचरतो, असं कुठे पाहिलंय तुम्ही? मी पाहिलंय. रोज पाहिलंय. आमचे हे विंचरायचे.

सकाळी बाजार उघडायच्या जरा आधी तो फोन यायचा. बाजार म्हणजे शेअरबाजार. भाजीचा बाजार माझ्याकडे. ह्यांचं कसं, आंघोळ झाली की बनियनवर बसायचे पेपर घेऊन. पण घड्याळाकडे एकदा नजर गेली की उठायचे, धुतलेला शर्ट घालायचे, आरशासमोर उभं राहून भांग पाडायचे आणि फोन मांडीवर ठेवून बसायचे. जणू फोनमधून तिला दिसणार होतं! एकदा मी म्हटलं, "अहो, अत्तर राहिलं." तर म्हणाले, "कशाला?" विनोद कळला तर शपथ.

आमचं दुकान पुढे, घर मागे. ह्यांचा धंदा चष्म्यांचा. डोळे तपासणारे डॉक्टर वेगळे. हे काचा घासून, कापून फ्रेममध्ये बसवणारे. मामांच्या हाताखाली शिकले, मामा गेल्यावर तेच दुकान चालवलं. दिवसभर मान खाली, समोर सहाणेचं चाक फिरतंय, पाण्याची बारीक धार पडतेय, आणि हे काच उजेडात धरून बघताहेत. बोलणं नाही. गल्लीत ह्यांना 'मुके' म्हणतात, तोंडावर नाही म्हणत इतकंच. मी आतल्या खोलीत पडदे शिवते. लोकांच्या खिडक्यांचं माप घ्यायचं, कापड आणायचं, शिवून टांगून द्यायचं. माझं मशीन आणि ह्यांची सहाण, दोन्ही घरघरत असली की आमच्या घरात संवाद चालू आहे असं समजायचं. संसार झाला असाच. वाईट नाही झाला, पण मला कधी कोणी काही विचारलं नाही. दुकानाला रंग कुठला द्यायचा, हेसुद्धा मला रंगाऱ्याकडून कळलं.

आणि हाच माणूस त्या फोनवर हसायचा हो! "हॅ हॅ" करून. माझं लग्न झाल्यापासून मी ते 'हॅ हॅ' किती वेळा ऐकलं असेल, बोटांवर मोजून बघा, एक हात पुरेल.

ती कोण? शेअरदलालाच्या पेढीतली, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी घेणारी. ह्यांचं खातं तिच्याकडे. ती बाजाराची हालहवाल सांगायची, सल्ला द्यायची, आणि ह्यांनी काही घ्यायचं ठरवलं की सगळं पुन्हा म्हणून दाखवायची. कुठली कंपनी, किती शेअर, काय भाव. बोलणं रेकॉर्ड होतं ना, नंतर भांडण नको म्हणून तशी पद्धतच आहे. मग हे म्हणायचे, "बरोबर. कन्फर्म." ते 'कन्फर्म' असं काही मऊ निघायचं, की माझा पाय मशीनवरच थांबायचा. मी तिचं नाव कन्फर्मवाली ठेवलं होतं. मी म्हणते, मी दहा वेळा सांगितलं की मोरीचा नळ गळतोय, तर हा माणूस एकदा तरी म्हणाला का, 'नळ गळतोय, बरोबर, कन्फर्म'?

मला तिचा राग यायचा. राग कसला, हेवा वाटायचा, स्पष्टच सांगते. ह्यांचा आवाज बसला की तिला आधी कळायचं. "आज घसा बसलाय का, असं विचारत होती," हे मला कौतुकाने सांगायचे. अरे, काल रात्री गरम पाणी कोणी दिलं होतं? गुडघा दुखतो हे तिला सांगून झालं होतं, मला ह्यांना जिना चढताना बघून कळलं. आणि फोन चालू असताना हे मधेच फोनवर हात ठेवायचे, आतल्या खोलीकडे, म्हणजे माझ्याकडे, बघायचे, जरा थांबायचे, आणि मग पाठ वळवून हळूच काहीतरी बोलायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी ऐकतेय का, हे बघत होते! इतकं काय खाजगी असतं शेअरमध्ये?

एक मात्र कबूल करायला हवं. आमच्या ह्यांना कोणाला 'नाही' म्हणता येत नाही. जो येईल तो गळ्यात काहीतरी मारून जातो. घरात पाणी गाळायची तीन यंत्रं आहेत, त्यातलं एक चालतं. व्यायामाची सायकल आहे, तिच्यावर मी पडद्यांचं कापड वाळत घालते. दुकानात खोकंभर जांभळ्या फ्रेमा आहेत, त्या कोणी फुकटसुद्धा नेणार नाही. पण शेअरमध्ये हा माणूस कधी फसला नाही. आजूबाजूच्यांचे हात पोळले, आमचं खातं आपलं धिम्या चालीने वर. ह्याचं श्रेय कोणाला? अर्थातच तिला! "ती फार सांभाळून सल्ला देते," असं मीच शेजारणीला सांगायचे आणि सांगताना माझ्याच पोटात दुखायचं.

अशात माझी भाची आली. ती हिशेबनिसाचं काम करते, बोलायला फटकळ. चहा पिता पिता तिने काकांना विचारलं, "तुम्ही अजून पेढीकडूनच करता? अहो, किती दलाली घेतात ते! हल्ली सगळे स्वतः करतात. फोनवर ॲप घ्यायचं, आपलं आपण बघायचं, आपलं आपण घ्यायचं. मधे माणूसच नको."

मधे माणूसच नको! मी पोरीला अजून एक बिस्किट दिलं.

"ती माणसं चांगली आहेत," हे कपाकडे बघत म्हणाले.

"माणसं की माणूस?" मी म्हटलं.

भाचीने माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं आणि चहा संपवला.

नंतर मी हात धुऊन मागेच लागले. जेवताना दलाली, झोपताना दलाली. एवढे पैसे वाचतील, तेवढे वाचतील. पैशाचं मला काही नव्हतं हो. मला तो फोन बंद करायचा होता. हे दोन दिवस गप्प. म्हणजे नेहमीपेक्षा जास्त गप्प. आणि एका सकाळी फोन झाल्यावर उठता उठता म्हणाले, "कर तुला काय करायचं ते." बस्स! मी भाचीला बोलावलं.

जुन्या खात्यात माझं नाव होतंच, दुसरं. खातं उघडताना ह्यांनी घातलं होतं. कागदावर तेवढं; सही कर म्हणाले, मी केली, त्यानंतर त्या खात्याचं तोंड बघितलं नाही. आता नवीन खात्याचे कागद भरताना भाचीने विचारलं, "पहिलं नाव कोणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

"आत्या, नक्की? काका आहेत ना पहिले?"

"लिही गं. आयुष्यात एकदा कुठेतरी पहिली येऊ दे मला."

तिने लिहिलं. त्याने काय घोळ होईल हे पोरीला तेव्हा माहीत नव्हतं, मला तर काय माहीत असणार! नवीन खातं उघडलं. मग जुन्या खात्यातले शेअर इकडे वळवायचा अर्ज आम्ही पेढीला पाठवला. मी खुशीत. आठवडा गेला आणि सकाळच्या ठरलेल्या वेळी फोन वाजला. ह्यांचा नाही, माझा.

"मॅडम, मी पेढीतून बोलतेय."

आवाज ओळखीचा असणारच, ह्यांच्या फोनमधून अस्पष्ट का होईना, भिंतीपलीकडून रोज ऐकलेला. पण कानाशी धरल्यावर वेगळाच लागतो. गोड होता मेला.

"तुमचा अर्ज परत आलाय. दोन्ही खात्यांत नावं तीच लागतात आणि त्याच क्रमाने लागतात. जुन्या खात्यात साहेब पहिले, तुम्ही दुसऱ्या. नव्यात उलटं झालंय. क्रम बदलला की शेअर जात नाहीत. तुम्ही दोघं इकडे आलात तर मी बसून सगळं नीट करून देते. तुम्हालाही भेटता येईल."

मला भेटता येईल! मला कशाला भेटायचंय हिला? पण मलाही तिला बघायचंच होतं. मी ठेवणीतले कपडे काढले. हे दारात उभे राहून म्हणाले, "कुठे लग्नाला?" मी म्हटलं, "तुम्ही रोज भांग पाडता तेव्हा मी विचारते का?"

पेढी एका इमारतीत वरच्या मजल्यावर. अरुंद जिना, वर लांबलचक खोली, ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलावर कॉम्प्युटरचे दोन दोन पडदे आणि त्यांवर हिरवे-लाल आकडे पळताहेत. खुर्च्यांच्या चाकांखालचा गालिचा पार झिजलेला. सगळे कानाला हेडफोन लावून एकदम बोलत होते आणि कोणाला कोणाचा त्रास नव्हता. मी मनात म्हणत होते, असेल चाळिशीची, सुटलेली, केस पिकलेले, आवाजच तेवढा गोड. देव माझं कुठे ऐकतो? कोपऱ्यातून एक बाई उठली. सडपातळ, सावळी, डोळे असे की बघत राहावं. मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी देखणी. ह्यांनी तिला त्याआधी एकदाच पाहिलं होतं म्हणे, खातं उघडताना. एकदा पुरतं!

"साहेब, तुम्ही आत मॅनेजरांकडे सह्या करून या," ती म्हणाली, "मॅडमना मी इथे बसवते."

हे आत गेले. तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि माझा हात हातात घेतला. मी दगडासारखी बसले.

"मॅडम, तुम्हाला बघायची इतकी इच्छा होती ना! आमच्याकडे सगळे तुम्हाला ओळखतात. तुमचं नाव माहितेय काय आहे आमच्यात? नको मॅडम."

"काय?"

"अहो, रागावू नका. साहेबांना मी काहीही सुचवलं ना, की ते म्हणतात, 'थांबा हं, हिला विचारतो.' फोनवर हात ठेवतात. आम्ही इकडे थांबतो. मग येतात आणि म्हणतात, 'ही नको म्हणते.' झालं! पुढे मी कितीही सांगू दे. 'नाही हो, ही नको म्हणते.'" ती हसली. "माझं कामच खपवायचं आहे, तुम्हाला काय सांगू. वरून सांगतात, आज हे खपवा, उद्या ते खपवा. मी सगळ्यांना फोन करते. ती सिमेंट कंपनी आठवते? सगळ्यांना घ्यायला लावली होती आम्ही. फक्त तुम्ही नको म्हणालात. नंतर ती कंपनी बुडाली तेव्हा लोकांनी मला काय काय ऐकवलं! साहेबांनी नाही. तुम्ही वाचवलंत त्यांना."

मला कुठली सिमेंट कंपनी आणि कुठलं काय. मला घरातलं सिमेंट माहीत, मोरीजवळ उखडलेलं.

"मी तर आता माझे पैसे लावायच्या आधी साहेबांना विचारते, मॅडमचं काय म्हणणं आहे," ती म्हणाली. मग आवाज खाली करून, पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत म्हणाली, "मला तुमचा हेवा वाटतो, खरं सांगते. माझ्या घरात मी दिवसभर हेच काम करून जाते, तरी माझ्या नवऱ्याने गाडी घेतली ती मला दारात दिसली. आणि साहेब बघा! तुम्हाला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. किती मान आहे तुम्हाला घरात!"

बाई गं! माझ्या तोंडात काय काय आलं सांगू. 'अगं, मला रंगाऱ्याकडून कळतं गं, मला ह्या माणसाने आजवर एक शब्द विचारलेला नाही.' पण तिचे डोळे असे माझ्याकडे लागलेले. मी म्हटलं, "हो. मला नाही पटलं की मी सरळ नको म्हणते."

"तेच तर," ती म्हणाली.

आणि तिथे बसल्या बसल्या मला असा हेवा वाटला, की कन्फर्मवालीचा कधी वाटला नव्हता. तिचा नाही. त्या दुसरीचा. ह्यांच्या फोनमध्ये राहणाऱ्या त्या बाईचा, जिला हा माणूस रोज सकाळी विचारत होता, जिच्या 'नको'ला इतकी किंमत होती, जिच्यापुढे देखणी बाईसुद्धा गप्प बसत होती. माझंच घर, माझाच नवरा, आणि माझ्याच जागी बसून सगळा मान ती खात होती! आणि मी पलीकडच्या खोलीत लोकांचे पडदे शिवत होते.

सह्या झाल्या. नव्या खात्याचे कागद भाचीने पुन्हा भरायचे, ह्यांचं नाव पहिलं, माझं दुसरं. पुन्हा दुसरी मी.

रस्त्यावर आल्यावर मी थांबलेच. "मी कधी नको म्हणाले हो?"

हे चालत राहिले, मग मी येत नाही हे कळल्यावर वळले. मान खाली. चष्मा काढून पुसायला लागले, जो मुळात स्वच्छ होता.

"मला कोणाला नाही म्हणता येत नाही," हे म्हणाले. "तुला माहितेय. तुझं नाव घेतलं की समोरचा वाद घालत नाही."

"मग खरंच विचारायचं होतंत ना! मी तिथेच होते. भिंतीपलीकडे. हात ठेवून बघत होतात माझ्याकडे!"

ह्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"विचारलं असतं," हे म्हणाले, "आणि तू हो म्हणाली असतीस तर? मग मी काय केलं असतं?"

मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं, दोन्ही एकदम. शेवटी रागच वर आला. घरी येईपर्यंत मी ह्यांच्याशी चकार शब्द बोलले नाही, आणि ह्यांना तो फरकही कळला नसावा.

शेअर नव्या खात्यात आले. सकाळचा फोन बंद झाला. मला जे हवं होतं ते झालं. पहिल्या सकाळी हे सवयीने भांग पाडून बसले. भाचीने ॲप शिकवलं होतं. हे फोन मांडीवर ठेवून आकडे बघत होते. मग एकदम मोठ्याने कंपनीचं नाव, किती, काय भाव, सगळं बोलले, आणि पडद्याकडे बघत थांबले. कोणी म्हणून दाखवेना. तरी म्हणाले, "बरोबर. कन्फर्म." आणि उठून दुकानात गेले. संध्याकाळी खात्यात बघतात तर काही घेतलंच नव्हतं. शेवटचं बटण दाबायचंच राहिलं होतं. भाचीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. मला नाही हसू आलं.

मग रोज तसंच. बसायचे, आकडे बघायचे. बोट पडद्यावर न्यायचे, मागे घ्यायचे. कोणाला नको म्हणायचं नाही, कोणाला हो म्हणायचं नाही. मी आत मशीनवर बसून वाट बघायचे. आता तरी मधे कोणी नाही. आता तरी वळून म्हणतील, अगं, हे घेऊ का? मी मशीन मुद्दाम थांबवायचे. कापड नीट करायचं सोंग करायचे. हे चष्मा पुसून दुकानात निघून जायचे. भांग पाडणंही हळूहळू सुटलं. त्या बाईवर जळत होते तेव्हा घरात निदान एक हसणं तरी ऐकू येत होतं, असंसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं.

आणि एके सकाळी फोन वाजला. ह्यांचा. हे दचकले. बनियनवर होते.

मी आतून उठून ह्यांच्या पाठीमागून दुकानाच्या दारापर्यंत आले. तिचाच होता. गेलेली गिऱ्हाइकं परत आणा असं वरून सांगितलं असणार. दलाली कमी करतो, परत या, असं काहीतरी ती सांगत होती. ह्यांचं "हो, हो, बरोबर आहे" चाललं होतं. चेहरा उजळला होता. मग कपाळावर आठ्या आल्या. गळ्यात काही पडायला लागलं की येतात तशा. हे म्हणाले, "थांबा हं. हिला विचारतो."

फोनवर हात ठेवला. आतल्या खोलीकडे बघितलं. मी तिथे नव्हते, मी ह्यांच्या मागे दारात उभी होते. रिकाम्या खुर्चीकडे बघत हा माणूस जरा थांबला, हात काढला आणि म्हणाला, "नाही हो. ही नको म्हणते."

मी पुढे झाले आणि फोन काढून घेतला.

"नमस्कार," मी म्हटलं. "नको मॅडम बोलतेय."

"मॅडम! कशा आहात?"

"मी बरी आहे. ऐक, मला अजून कोणी काही विचारलेलं नाही. आजवर कधीच विचारलेलं नाही. तू जरा लाइनवर थांब. विचारलं की सांगते."

मी फोनवर हात ठेवला, बरोबर ह्यांच्यासारखा, आणि ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"हं," मी म्हटलं. "विचारा."

हे माझ्याकडे बघत राहिले. फोनकडे बघितलं, खुंटीवरच्या शर्टाकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी केस सारखे केले, घसा साफ केला, आणि मला विचारलं.